बर्फ, मागची चाकं आणि दह्याचं भांडं



गेल्या अंकात एअरकॉनमधून पाणी का ठिबकतं यावर चार शब्द लिहिले, तर सेंगकांगपासून क्लेमेंटीपर्यंत फोन आले. एका गृहस्थांनी तर मला घरीच बोलावलं. मला वाटलं चहाला, पण जाऊन पाहतो तो शिडी मांडून तयार! म्हणून या खेपेला असा विषय घेतला आहे की ज्यासाठी मला कोणी शिडीवर चढवणार नाही. विषय आहे बर्फात गाडी चालवण्याचा, आणि तीही मागच्या चाकांवर चालणारी गाडी.

हसू नका. बिशानमध्ये बर्फ पडतो तो फक्त फूडकोर्टातल्या आइस कचांगच्या वाडग्यात, हे मलाही ठाऊक आहे. पण आपली मुलं शिकायला जातात ती मिनेसोटा, मिशिगन, टोरांटो अशा ठिकाणी. इथे सीओईच्या किमतीमुळे आपल्यापैकी निम्म्यांच्या घरी गाडी नाही. मुलगा अठराव्या वर्षी ड्रायव्हिंग सेंटरमध्ये शिकून लायसन्स काढतो, ते पाकिटात ठेवतो, आणि थेट तिकडे जाऊन एक जुनीपुराणी गाडी विकत घेतो. म्हणजे पहिली गाडी आणि पहिला बर्फ एकाच महिन्यात!

तर झालं असं. नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी आमच्या शेजारच्या ब्लॉकमधल्या वहिनी चिवड्याचा डबा घेऊन आल्या. चेहरा जरा उतरलेला. म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही अमेरिकेत बर्फाच्या गावात शिकलात ना? आमच्या चिरंजीवांनी मिनिआपोलिसला गाडी घेतली आहे. मस्टँग की काय म्हणतात ती. यांना विचारलं तर म्हणतात, लाल आहे, छान आहे."

मी म्हटलं, "वहिनी, लाल असण्याला हरकत नाही. टायर कुठले आहेत?"

ते अर्थातच त्यांना माहीत नव्हतं. तिकडे सकाळचे सात वाजले होते, व्हिडिओ कॉल लावला. चिरंजीव खुशीत. "काका, दहा वर्षं जुनी आहे, पण इंजिन एकदम मस्त! टायर? आले तेच आहेत." कुठले आहेत ते जाऊन बघायला सांगितलं. बिचारा जाकीट चढवून बाहेर गेला आणि टायरच्या बाजूवरची अक्षरं कॅमेऱ्यात दाखवली. रुंद, चकचकीत, उन्हाळी टायर! "पण काका, स्टॅबिलिटी कंट्रोल आहे ना गाडीला. सगळं ठीक आहे."

'सगळं ठीक आहे' या तीन शब्दांवर माझा अजिबात विश्वास नाही. त्याचं कारण पुढे येईलच. आधी गाडीचं गणित.

आपल्यापैकी जे इथे पंधरा-वीस वर्षं आहेत, त्यांना जुन्या टोयोटा क्राउन कम्फर्ट टॅक्सी आठवत असतील. निळ्या आणि पिवळ्या, डिझेलवर घरघरणाऱ्या. २०१४ च्या सुमारास त्या रस्त्यावरून गेल्या. मागच्या सीटवर मधे बसणाऱ्याच्या पायाखाली एक उंचवटा असायचा, आणि बहुधा घरातलं सगळ्यात लहान पोर तिथे बसवलं जायचं. तो उंचवटा म्हणजे मागच्या चाकांच्या गाडीची खूण. इंजिन पुढे, पण ओढायचं काम मागच्या चाकांचं. म्हणून एक लांब फिरता दांडा गाडीच्या पोटाखालून मागे जातो. आपली प्रीमिअर पद्मिनी, ॲम्बेसेडर, सगळ्या याच जातीच्या. आता बहुतेक लहान मोटारी पुढच्या चाकांवर चालतात. तिथे इंजिनाचं सगळं ओझं नेमकं फिरणाऱ्या चाकांवरच पडतं, त्यामुळे ती चाकं बर्फात जरा तरी पकड घेतात. मागच्या चाकांच्या गाडीत मागे साधारण निम्मं किंवा त्याहून कमी वजन असतं. डिकी रिकामी आणि मागच्या सीटवर कोणी नाही, म्हणजे जी चाकं ढकलणार त्यांच्यावरच भार कमी. पुढची चाकं फक्त दिशा दाखवतात, आणि मागची बाजू मनात आलं की पुढे यायला बघते.

जोर लावणं, वळणं आणि थांबणं या तीनही गोष्टी टायर एकाच पकडीतून करतो. पगार एक आणि खर्च तीन, असा हा संसार. कोरड्या डांबरावर पगार भरपूर असतो, म्हणून हिशोब ठेवायची गरज पडत नाही. बर्फावर तो चौथाई होतो, आणि गुळगुळीत ओल्या हिमावर त्याच्याही निम्मा. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागल्यापासून साधारण १४ मीटरमध्ये थांबते, म्हणजे आपल्या एकमजली बसच्या लांबीहून जरा जास्त. दबलेल्या बर्फावर तीच गाडी ५० मीटर घेते, म्हणजे चार बसगाड्या. हिमावर १०० मीटर, म्हणजे आठ! शिवाय ब्रेकवर पाय जाईपर्यंत आणखी एक बस निघून गेलेली असते, ती वेगळीच.

आणखी एक गंमत. उणे वीसमधलं हिम शून्याच्या आसपासच्या हिमापेक्षा कमी निसरडं असतं. शून्याजवळ वर पाण्याचा पातळ थर येतो आणि मग विचारू नका. त्यामुळे थर्मामीटर शून्याजवळ आला, ऊन पडलं, 'आज बरं आहे हो' असं वाटलं, की तो दिवस जास्त जपायचा.

हे सगळं मी पुस्तकात शिकलो ते २००२ साली. अंगावर शिकलो ते २००३ च्या जानेवारीत.

मास्टर्ससाठी मी मिशिगन टेकला होतो, हाउटन गावी. नकाशात मिशिगनच्या अगदी वरच्या टोकाला, लेक सुपीरियरमध्ये घुसलेलं किविनॉ नावाचं द्वीपकल्प आहे, तिथे. वर्षाला सरासरी २०० इंचांहून जास्त बर्फ पडतो. १९७८-७९ च्या हिवाळ्यात ३९०.४ इंच पडला होता आणि त्याची आठवण म्हणून रस्त्याच्या कडेला उंचच्या उंच फलक उभा केला आहे. आपल्या एचडीबीच्या भाषेत सांगायचं तर साडेतीन मजले! मी आणि माझा नागपूरचा रूममेट, दोघांनी मिळून नऊशे डॉलरला १९८९ ची व्होल्वो २४० घेतली होती. मागची चाकं, हाताने टाकायचे गिअर, एबीएस नाही. गाडी रणगाड्यासारखी मजबूत. टायर मात्र 'बारमाही' म्हणतात तसे, तेही बरेचसे गुळगुळीत झालेले. नवे घ्यायचे तर पैसे कुठे होते?

मला आत्मविश्वास मात्र फार. कारण मी गाडी शिकलो ती वडिलांच्या फियाटवर, बोरघाटात, तेही पावसाळ्यात. बाबांचा नियम एकच होता: उतारावर ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही, खालचा गिअर टाकायचा आणि इंजिनाने गाडी धरायची. घाटात ब्रेक तापून निकामी होतात, त्यामुळे नियम सोळा आणे खरा.

संक्रांतीनंतरच्या शनिवारी वरच्या कॅल्युमेट गावातल्या एका मराठी कुटुंबाने आम्हा पोरांना जेवायला बोलावलं होतं. गुळपोळी, तिळगूळ, सगळं साग्रसंगीत. निघताना तिथल्या वहिनींनी विरजण म्हणून दह्याचं एक स्टीलचं भांडं दिलं, ते रूममेटच्या मांडीवर. रात्रीचे दहा, बारीक बर्फ भुरभुरतोय. कॅल्युमेटहून हाउटनला येताना क्विन्सी टेकडी लागते. माथ्यावर तांब्याची जुनी खाण आहे आणि तिथून रस्ता हॅनकॉक गावात, पुलाकडे उतरतो. उतार सुरू झाल्यावर मला वेग जरा जास्त वाटला. बाबांचा नियम आठवला. चौथ्यातून थेट दुसरा टाकला आणि क्लच सोडला.

पुढचं सगळं दोन-तीन सेकंदांत झालं. इंजिनाने मागच्या चाकांना एकदम मागे खेचलं. त्या चाकांखाली बर्फ, आणि वर वजन नाही, ती जागीच थबकल्यासारखी झाली आणि घसरायला लागली. फिरणं थांबलेलं चाक सरळ राहत नाही, ज्या बाजूला ढकलाल तिकडे जातं. मागचं बूड डावीकडून पुढे आलं. मी घाबरून ब्रेक दाबला, म्हणजे आता पुढची चाकंही गेली. गाडी स्वतःभोवती फिरली आणि उजव्या अंगाने कडेच्या बर्फाच्या ढिगात शिरली. प्लाऊने लोटलेला तो ढीग माणसापेक्षा उंच होता, म्हणून आज हे सदर लिहितो आहे. रूममेट त्याच बाजूला बसला होता. त्याचं गळपट्टीचं हाड मोडलं. दही सगळ्या डॅशबोर्डवर.

हॉस्पिटलात मी त्याच्याजवळ बसून होतो. त्याने मला एका शब्दाने दोष दिला नाही. पहाटे एवढंच म्हणाला, "यार, पुढच्या वेळी अशी चालव की दही सांडायला नको."

रविवारी नेहमीप्रमाणे कॉलिंग कार्डाने घरी फोन केला. आई म्हणाली, आवाज बसलाय का रे? मी म्हटलं, नाही गं, सगळं ठीक आहे. त्यानेही नागपूरला तेच सांगितलं, हात गळ्यात बांधलेला असताना.

सोमवारी आमच्या लॅबमधल्या म्हाताऱ्या टेक्निशियनला सगळं सांगितलं. जन्म तिथेच गेलेला माणूस. त्याने हसत ऐकून घेतलं आणि पुढच्या रविवारी सकाळी मला युनिव्हर्सिटीच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये नेलं. दोन तास त्याने मला मुद्दाम गाडी घसरवायला लावली. वीस वेळा, तीस वेळा. भीती जाईपर्यंत. मुलांच्या आईवडिलांना मी हेच पहिलं सांगेन, की पहिला बर्फ पडला की एखादं रिकामं, परवानगी असलेलं मैदान बघून, जाणत्या माणसाला शेजारी बसवून मुलांना हे करू द्या. लेख वाचून पाय शिकत नाहीत.

त्याने शिकवलेलं सांगतो. सुटताना पहिल्याऐवजी दुसरा गिअर, क्लच अगदी सावकाश, ॲक्सिलरेटर नुसता स्पर्श करण्यापुरता. चाक जागेवर फिरायला लागलं की जोर वाढवायचा नाही, कमी करायचा. फिरणारं चाक खालचा बर्फ घासून काच करून ठेवतं. वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर वेग कमी करून घ्यायचा आणि वळणात पायाने काहीच अचानक करायचं नाही. जोर द्यायचा नाही आणि पाय झटकन काढायचाही नाही. पाय एकदम काढणं हे मागच्या चाकांच्या गाडीला ब्रेक मारल्यासारखंच असतं, फक्त ब्रेक मागच्याच चाकांना लागतो. मी टेकडीवर केलं ते हेच, जरा मोठ्या प्रमाणावर. उतारावर खालचा गिअर चालतो, पण तो माथ्यावर, वेग आधीच कमी करून टाकायचा. अर्ध्या उतारात आठवला तर उशीर झालेला असतो. क्रूझ कंट्रोल बर्फात कधीही लावायचा नाही.

आणि मागचं बूड घसरलंच तर? पाय ॲक्सिलरेटरवरून हळूच उचलायचा, ब्रेक नाही. डोळे जिकडे जायचं आहे तिकडे ठेवायचे, झाडाकडे किंवा खांबाकडे नाही, कारण हात डोळ्यांच्या मागे जातात. बूड ज्या बाजूला घसरतंय त्याच बाजूला स्टिअरिंग फिरवायचं, म्हणजे बूड उजवीकडे तर स्टिअरिंगही उजवीकडे. इथवर सगळे सांगतात. पुढचं कोणी सांगत नाही: गाडी सरळ व्हायला लागली की स्टिअरिंग तितक्याच लगबगीने परत आणायचं. नाहीतर पकड परत आल्याबरोबर गाडी दुसऱ्या बाजूला फेकली जाते, आणि तो दुसरा झोका पहिल्यापेक्षा मोठा असतो. पार्किंग लॉटमध्ये मला सगळ्यात जास्त वेळ लागला तो हे शिकायला.

आता गाड्या सुधारल्या. ईएससी, म्हणजे आपल्या चिरंजीवांचं स्टॅबिलिटी कंट्रोल, अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून सगळ्या मोटारींना बंधनकारक झालं. एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून ते घसरती गाडी सावरतं, आणि फार छान काम करतं. पण टायरच्या पगारात ते एक पैसाही वाढवत नाही. असलेले पैसे जपून खर्च करतं, इतकंच. एबीएस असेल तर ब्रेक घट्ट दाबून धरायचा, पायाखाली थरथरलं तरी सोडायचा नाही.

पगार वाढवणारी वस्तू एकच, ती म्हणजे हिवाळी टायर. साधारण ७ अंशांच्या खाली उन्हाळी टायरचं रबर कडक होत जातं. हिवाळी टायरचं मऊ राहतं, आणि त्यावर बारीक चिरा असतात त्या बर्फाला चावतात. टायरच्या बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण असं चिन्ह असतं, १९९९ पासून आलेलं, ते बघून घ्यायचं. टायर चारही हवेत. गाडी मागच्या चाकांची म्हणून दोनच मागे बसवले, तर गाडी सुटेल झकास, पण वळणार आणि थांबणार कशी? ते काम पुढच्यांचं. कॅनडात क्युबेकमध्ये तर १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्यानेच लागतात. हवा तपासत राहायची. तापमान दहा फॅरनहाइट उतरलं की दाब साधारण एक पौंडाने उतरतो.

दुसरा उपाय स्वस्तातला. रेतीच्या पिशव्या! पन्नास-साठ किलो, डिकीत, पण मागच्या आसाच्या शक्य तितक्या वर. पार शेपटाशी ठेवल्या तर पुढची चाकं हलकी होतात. त्या बांधून ठेवायच्या, नाहीतर अपघातात त्याच पाठीत बसतात. रुतलात तर तीच रेती चाकाखाली टाकता येते. रुतल्यावर आणखी एक, आणि हे गंमतीत घेऊ नका: हीटरसाठी इंजिन चालू ठेवायच्या आधी खाली उतरून धुराड्याभोवतीचा बर्फ काढा. ते बुजलेलं असेल तर विषारी वायू गाडीत येतो. त्याला वास नसतो, आणि आत बसलेल्याला फक्त झोप येते.

मंडळातल्या ज्या मंडळींना मुलंबिलं नाहीत तिकडे, त्यांच्यासाठीही थोडं. डिसेंबरच्या सुटीत हल्ली दोन-तीन कुटुंबं मिळून होक्काइडोला जातात आणि दहा माणसांची हायएस व्हॅन भाड्याने घेतात. जपानातही रस्त्याची डावी बाजू, इंटरनॅशनल परमिट काढलं की झालं, असं वाटतं. ती व्हॅन साधी घेतली तर मागच्या चाकांची असते. चारही चाकं ओढणारी मागून घ्या. तिकडे हिवाळ्यात हिवाळी टायर घालूनच देतात, तरी विचारायला पैसे पडत नाहीत. आणि चारही चाकं ओढली म्हणून गाडी लवकर थांबत नाही, हे लक्षात असू द्या. सप्पोरोच्या सिग्नलपाशी थांबून-निघून चाकांनीच रस्त्याचा आरसा केलेला असतो. नव्या विजेच्या गाड्यांतही पुष्कळशा मागच्या चाकांच्या आहेत. त्यात पाय उचलला की मोटर आपोआप ब्रेक लावते, म्हणजे माझ्या टेकडीवरच्या दुसऱ्या गिअरचंच भावंडं. बर्फात ते कमी करता येत असेल तर कमी करून ठेवावं.

असो. व्होल्वो आम्ही दुरुस्त करून पुढे दीड वर्ष चालवली. सांडलेलं दही कापडाखाली थिजून राहिलं होतं. एप्रिलमध्ये ऊन पडल्यावर ते जागं झालं, आणि त्या गाडीत कोणी लिफ्ट मागेनासं झालं.

बाबांना ती गोष्ट मी सांगितली २०११ साली, पुण्याहून मुंबईला जाताना, जुन्या घाटरस्त्यावर. ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "गिअर टाकायला शिकवलं ते लक्षात राहिलं. क्लच हळू सोडायलाही शिकवलं होतं रे." आणखी थोड्या वेळाने म्हणाले, "त्या मुलाचा हात बरा झाला ना?"

वहिनींना मी हे सगळं त्या संध्याकाळी सांगितलं, चिरंजीवांच्या देखत. तो आधी ओशाळला, मग हसला. टायरला पैसे नाहीत म्हणाला. त्याच्या बाबांनी तिथल्या तिथे पाठवले, लाल रंगाबद्दल एक शब्दही न बोलता. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्याने फोटो पाठवला: चार टायर, रेतीच्या दोन पिशव्या आणि एक फावडं.

जानेवारीत वहिनी जंक्शन एटला भेटल्या. म्हणाल्या, "भाऊजी, परवा त्याने आपणहून सांगितलं, एका वळणावर गाडी घसरली होती म्हणून. माझा जीव नुसता वरखाली. तरी शांतपणे विचारलं, दही सांडलं का रे? तर म्हणतो, थोडंसं, आई."